‘निशिगंध’चा पेटीवाला

तुमचा टेबल नंबर काय होता?

इकडंतिकडं बघू नका, तुम्हालाच विचारलंय. पन्नाशी ओलांडलेला, गळ्यात थोडातरी सूर असलेला कोल्हापूरचा बाप्या ‘निशिगंध’ची पायरी कधी चढलाच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ, पण मान हलवणार नाही. घरात काय सांगून आला होतात ते विचारत नाही. काय प्यायलात, किती प्यायलात, तेही नाही. फक्त टेबल नंबर सांगा. कारण एका माणसाकडं तुमचा तेवढाच पत्ता आहे, आणि त्या माणसाला आता तुमची गरज पडली आहे.

त्याचं नाव नबीलाल नदाफ. वय सदुसष्ट. गंगावेशीत सायकलच्या दुकानाला चिकटून त्याची पेट्या दुरुस्त करायची टपरी आहे. इतकी अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर नबीलालला बाहेर यावं लागतं. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, एखाद्या हौशी मास्तराच्या पेट्या तिथं येतात. कुणाच्या भात्याला भोक पडलेलं, कुणाचं चामडं उंदरानं खाल्लेलं, कुणाचा एखादा सूर मुका झालेला. नबीलाल पेटी उघडतो, कान लावतो आणि तिलाच झापतो, "काय गं, कुणी घातलंतं तुला पाण्यात?"

या माणसानं बावीस वर्षं, सोमवार सोडून रोज संध्याकाळी, ‘निशिगंध’ परमिट रूमच्या कोपऱ्यातल्या ओट्यावर बसून पेटी वाजवली. आणि आज त्याला ते सिद्ध करता येत नाही. गोष्ट एवढीच आहे. पण ती एवढीशी गोष्ट का अडली, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

‘निशिगंध’ शिरोलीच्या अंगाला, हायवे सोडून जरा आत, उसाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. बारा टेबलं, मागं स्वयंपाकघर, कोपऱ्यात दीड फूट उंचीचा लाकडी ओटा. मालक बाळासो. अंगानं पैलवान, आवाजानं लाऊडस्पीकर. पण गाणं लागलं की दाराला टेकून डोळे मिटणारा. पंच्याण्णव साली एका लग्नात त्यानं नबीलालची पेटी ऐकली आणि मांडवातच त्याचा दंड धरला.

"काय पावणं, माझ्या हाटेलात वाजवशीला काय? रोज सात ते दहा."

"मालक, मी पीत न्हाय."

"मग तर झ्याकच की! पिणारा ठेवला तर पेटी इकून पिईल."

नबीलालचा बाप पिंजारी. जन्मभर दारोदार हिंडून लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजला. पिंजणीची तात वाजायला लागली की लहानगा नबीलाल तिचा सूर शोधत बसायचा, आणि बाप म्हणायचा, "गादीवर माणूस झोपतो तरी. गाण्यावर काय करतो?" याचं उत्तर नबीलालला ‘निशिगंध’मध्ये मिळालं. पण तोवर बाप ऐकायला राहिला नव्हता.

आता ‘निशिगंध’ची रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच फिरतंय. तिथं पेटी होती, तबल्यावर सयाजी रंगारी होता, माईक होता. गायक मात्र नव्हता. गायक गिऱ्हाईक! ज्याला गायचं त्यानं चिठ्ठीवर टेबल नंबर आणि गाण्याची पहिली ओळ लिहायची. वेटर चिठ्ठी ओट्यावर आणून द्यायचा. नबीलाल नुसता सूर धरायचा, त्या माणसानं जागेवरूनच गुणगुणायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला पेटी त्याच्या पट्टीत जाऊन बसलेली असायची. मग माईक टेबलावर जायचा. ज्यानं जन्मात कुणासमोर तोंड उघडलं नव्हतं, तोही गायचा. दूध संघातला कारकून गायचा, गूळ व्यापारी गायचा, फौजदार गायचा आणि ज्याला तो फौजदार दिवसा शोधत असायचा तोही गायचा.

आणि बाळासोचा नियम एकच, पण लोखंडी. इथलं इथंच. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. नबीलालला त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पेटीकडं बघायचं. टेबलाकडं न्हाय. मान्सं दारात तोंड ठिवून आत येत्यात."

नबीलालनं बावीस वर्षं पेटीकडंच बघितलं. ‘फोटो काढू नये’ अशा चार पाट्या त्यानं सयाजीच्या ब्रशनं, लाल ऑइलपेंटनं स्वतः रंगवल्या. गिऱ्हाइकांची नावं त्याला माहीत नाहीत. चेहरे अंधुक. आवाज मात्र सगळे पाठ. त्यासाठी त्यानं एक शंभर पानी वही केली होती. ती अजून आहे. तीत आधी टेबल नंबर, मग त्या आवाजाची पट्टी, म्हणजे पेटीवरची पांढरी-काळी, असं लिहिलंय:

"३ – पांढरी एक. वरचा पंचम लागत नाही, तिथं पेटी मोठी करणे."

"९ – पट्टी नाही. टाळ्या भरपूर."

"७ – काळी दोन. गळा चांगला. अंतऱ्याआधी भरून येतं, तिथं थांबणे."

सात नंबरवर एकच माणूस यायचा, दर गुरुवारी. एक बिअर तीन तास पुरवायचा. त्यातली अर्धी टेबलालाच पाजायचा. पिण्याला तो येतच नव्हता. एकच गाणं, तेच, वर्षानुवर्षं. अंतऱ्याच्या तोंडाशी आला की त्याचा आवाज दाटायचा. नबीलाल भाता हलका करून तिथं थांबायचा, सयाजी तबल्यावरचा हात उचलायचा, बारा टेबलांवरचं चमचं-ताटसुद्धा वाजायचं नाही. मग माणूस सावरायचा आणि अंतरा उचलायचा. ती थांबायची जागा कुणी ठरवली नव्हती. ती तिघांत आपसूक तयार झाली होती.

एकदा, आठ साली, एका पोरसवदा गिऱ्हाइकानं नवा कॅमेरा आणला. "चाचा, फक्त तुमचा फोटो. कलाकाराचा!" म्हणत ओट्यासमोर गुडघ्यावर बसला. नबीलालच्या बाजूलाच, फोटोत येईल असा, त्या वेळी सात नंबर गात होता. नबीलालनं डाव्या हाताचा भाता सोडला आणि पंजा सरळ कॅमेऱ्याच्या काचेवर ठेवला. बाळासो लांबून ओरडला, "शाब्बास रं माझ्या वाघा!" त्या शाबासकीचं नबीलालला कित्येक दिवस बरं वाटलं होतं. आज तो त्या पंजाकडं बघतो आणि मूठ मिटतो.

मग सतरा साल आलं. हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको, असा हुकूम आला. बाळासोनं स्वतः टेप धरला. एकदा रस्त्यानं मोजलं, एकदा बांधाबांधानं, एकदा विहिरीला वळसा घालून. टेप चारशेच्या पुढं जाईना. शेवटच्या संध्याकाळी टेबलं भरली होती, पण एकही चिठ्ठी आली नाही. सगळे एकमेकांना "तुम्ही म्हणा की" म्हणत राहिले. नबीलालनं तीन तास एकट्यानंच वाजवलं आणि पेटीला खोळ घातली.

पुढं नियम सैल झाले. बाकीच्यांची शटरं वर गेली. बाळासोचं गेलं नाही. तोवर त्याच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं होतं. वर्षभरात माणूस गेला. एकोणीसच्या पुरात ‘निशिगंध’ची पाटी वाहून गेली. सयाजी कोरोनात गेला. जागा विकली गेली, आणि आता तिथं गाद्यांचं शोरूम आहे. जिथं ओटा होता तिथं फोमच्या गाद्या उभ्या करून ठेवल्यात. नबीलाल एकदा जाऊन आला. सेल्समननं विचारलं, "चाचा, सिंगल का डबल?" हा म्हणाला, "काय न्हाय लेका, बाच्या धंद्यात कोण कोण आलंय ते बघाया आलतो."

एवढ्यावर गोष्ट संपली असती. तुमच्या-आमच्या गावात अशी किती माणसं संपतात, आपण चहा पीत बघतो. पण गेल्या वर्षी रुबीना, नबीलालची मुलगी, कबनूरहून माहेरी आली आणि तिनं मोबाइलवर एक फॉर्म काढला. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्याचा.

"अब्बा, तुम्ही कलाकार हाय."

"कोन म्हनतंय?"

"फॉर्म म्हनतोय. गप बसा आनि सांगा. कुठं कला सादर केली?"

"लिही. निशिगंध परमिट रूम. बावीस वर्षं."

रुबीनाचं बोट मोबाइलवर अडलं. "नुसतं ‘हॉटेल निशिगंध’ लिहू?"

"हाटेलात मी काय भजी तळत हुतो? परमिट रूम लिही."

नबीलालला त्या पैशाची गरज नव्हती असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात पैसा नंतर आला. आधी आला तो फॉर्मवरचा शब्द. कलावंत. सदुसष्ट वर्षांत त्याला कुणी तसं लिहून दिलं नव्हतं, सरकारनं तर नाहीच. तो शब्द कागदावर आपल्या नावाच्या शेजारी, आणि त्याच्या शेजारी ‘निशिगंध’, एवढं त्याला एकदा बघायचं होतं.

छाननीला बोलावणं आलं. समितीत पाच जण. नबीलालनं इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्याला पेटी अडकवली, वही काखेत घेतली. एकानं फाइल चाळली.

"फोटो?"

"न्हाईत."

"पेपरातलं कात्रण? एखादं प्रमाणपत्र? हँडबिल?"

"न्हाय साहेब. ही वही हाय."

त्यानं वही उघडली, पुढच्याला दाखवली. "सात, काळी दोन; तीन, पांढरी एक... काका, हा मटक्याचा आकडा हाय काय?"

सगळे हसले. नबीलालही हसला, कारण हसण्यासारखंच होतं. मग एक जण जरा मायेनंच म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण बारमध्ये गाणं ऐकतंय कोण? लोक तिथं प्यायला येतात."

"प्यायला मानूस घरात बी पितंय, साहेब," नबीलाल म्हणाला. "गायला घरात गात न्हाय. म्हनून यायचं."

 तेवढ्यात टेबलाच्या पार टोकाला बसलेला, इतका वेळ खाली मान घालून कागद वाचणारा एक जण म्हणाला, "वाजवून दाखवा की."

तीन शब्द. नबीलालचे कान टवकारले. आवाज जाडा झाला होता, तंबाखूनं किंवा वयानं. पण बसला होता तिथंच. काळी दोन.

नबीलालनं वर बघितलं नाही. बावीस वर्षांची सवय. खाली सतरंजीवर पेटी ठेवली, भाता उघडला, आणि शपथेवर सांगतो, त्यानं ठरवून काही केलं नाही. बोटंच तिकडं गेली. त्या माणसाचं गाणं, त्याची पट्टी. मुखडा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. वरच्या सुरावर जाऊन पेटी खाली उतरली, अंतऱ्याच्या तोंडाशी आली, आणि नबीलाल थांबला. वहीत लिहिलंय ना, तिथं थांबणे.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आणि त्या रिकाम्या जागेत, टेबलाच्या टोकावरून, आवाज आला. अंतऱ्याची अर्धी ओळ. नीट सुरात, नीट जागेवर.

चार माना गरकन वळल्या. गाणारा जागच्या जागी गोठला. मग त्यानं खिशातला न वाजलेला फोन कानाला लावला आणि "हां, बोला, बोला," म्हणत बाहेर निघून गेला.

तो परत आला नाही. उरलेल्या चौघांनी आपसात बोलून घेतलं. "काका, वाजवता झकास, यात वादच नाही. पण कागदाला कागद लागतो. असं करा, तुम्हाला तिथं ऐकलेल्या तीन माणसांच्या सह्या आणा. आम्ही यांना तिथं वाजवताना ऐकलं, एवढंच. नाव, पत्ता, सही. पुढच्या बैठकीला ठेवतो."

बाहेर जिन्यात रुबीना उभी होती. "तो कोन हुता अब्बा, जो मधीच गायला?"

"सात नंबर."

"नाव काय त्याचं?"

"सांगितलं न्हवं. सात नंबर."

नाव त्याला त्या दिवशी कळलं होतं, त्या रिकाम्या खुर्चीपुढच्या पाटीवर होतं. त्यानं ते रुबीनाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि ही गोष्ट लिहायची म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. उलट तोच डाफरला, "तुमचा हट्ट तुमच्यापाशी ठिवा. बाळासोला शब्द दिलाय मी." म्हणून इथंही तो सात नंबरच. मोठा माणूस आहे, एवढं कळतं. शाळकरी पोरांना व्यसनमुक्तीची शपथ देणाऱ्यांतला.

चार दिवसांनी दुपारी टपरीसमोर गाडी थांबली. सात नंबर उतरला. आत जागा नव्हती, म्हणून नबीलाल बाहेर आला, आणि तो आतल्या स्टुलावर बसला. दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं उजेडात बघितली.

"नबीलाल, लई वर्सं झाली."

"आठ झाली."

त्यानं पाकीट काढलं. आत छापील कागद, एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा, शिक्क्यासकट. नबीलालनं चष्मा लावून सावकाश वाचला. श्री. नबीलाल नदाफ यांनी आमच्या संस्थेच्या स्नेहसंमेलनांत सलग बावीस वर्षं हार्मोनियमची साथ केली, असं प्रमाणित करण्यात येतं.

"ह्यात ‘निशिगंध’ कुठाय?"

"त्याची गरज न्हाय. ह्या एका कागदावर काम होतंय तुमचं. मी बघतो."

"काम होतंय, साहेब. पर मी होत न्हाय की त्यात."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्या कागदावरचा नबीलाल दुसराच कोन तरी हाय. त्यानं शाळंत पेटी वाजवली, पोरांनी टाळ्या दिल्या, त्याला मानधन मिळालं. मग माजी बावीस वर्सं कुनी वाजवली?"

सात नंबर दुरुस्तीला आलेल्या पेटीच्या पट्ट्यांवरून उगाच बोट फिरवत राहिला. मग त्यानं सांगितलं, आणि हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नसावं. त्यांच्या घरात गाणं वर्ज्य. लहानपणी न्हाणीघरात गुणगुणला तर आबा बाहेरनं ओरडायचे, तमाशात जायचं असलं तर आत्ताच जा, जेवण करून जाऊ नकोस. आबा गेले, तरी घरातला तो आवाज गेला नाही. आता सुना-नातवंडं आहेत, संस्था आहे, फोटो आहेत भिंतीवर.

"तुमची पेटी बंद झाली त्या दिवसापास्नं मी गायलो न्हाय, नबीलाल. परवा ती अर्धी ओळ. तेवढीच."

"चांगली लागली. काळी दोनच हाय अजून."

सात नंबरचे डोळे भरले. नबीलाल पेटीकडं बघायला लागला.

"मग सही करा," तो म्हणाला. "टेबल नंबर लिऊ नका, पायजे तर. नुसती सही."

"जमायचं न्हाय."

"बरं."

"पाकीट ठेवून जातो. विचार करा."

पाकीट नबीलालनं घरी नेलं आणि आपल्या पेटीच्या खोळीत ठेवलं. जरीनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हाताला ते दुसऱ्याच दिवशी लागलं. या नवरा-बायकोत साधं बोलणं दखनी उर्दूत चालतं. भांडण मात्र मराठीत. म्हणून जरीनानं पहिलाच शब्द मराठीत काढला तेव्हा नबीलालनं ओळखलं.

"हे असताना सह्या कसल्या मागत हिंडताय?"

"ते खोटं हाय."

"खोटं काय त्यात? पेटी वाजवलीत न्हाय काय?"

"तितं न्हाय वाजवली."

"आहा! लई खऱ्याचं मानूस!" जरीना कमरेला हात लावून उभी राहिली. "बावीस वर्सं मी माह्यरात काय सांगत आले? मालक हाटेलात म्यानेजर हाईत. शादीत इचारलं, म्यानेजर. मोहल्ल्यात इचारलं, म्यानेजर. रुबीनाला पावनं बघाया आलं, तवा बी म्यानेजर! तवा तुमी हितंच बसला हुता, च्या पीत. तवा न्हाय तोंडातनं निघालं, हे खोटं हाय म्हनून?"

नबीलालनं पाकीट परत खोळीत सरकवलं. खरं तर त्यानं दुसऱ्यांची तोंडं झाकता झाकता स्वतःचंही झाकलं होतं, आणि घरच्यांना त्यात कामाला लावलं होतं. तो म्हणाला एवढंच, "म्हनून तर आता एकदा खरं लिऊन पायजे."

जरीनानं कमरेवरचा हात काढला. मग आवाज खाली आणून, पण मराठीतच, म्हणाली, "मी तर तुमाला तितं वाजवताना कदी ऐकलंबी न्हाय. माजी सही तर चालायची न्हाय."

ते वाक्य तिचं तिलाच लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुरखा घालून, कुणाला न सांगता, शिरोलीला गेली आणि तानाबाईला घेऊन रिक्षानं परत आली.

तानाबाई म्हणजे ‘निशिगंध’च्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं भाकरी थापलेली बाई. आता पंचाहत्तरीची, गुडघ्यानं थकलेली, जिभेनं ठणठणीत. रात्री नबीलाल निघाला की फडक्यात दोन भाकरी बांधून द्यायची, "जरीनाला द्या, गरम हाईत तोवर." दोघी एकमेकींना भाकरीवरूनच ओळखत होत्या; समोरासमोर त्या दिवशी पहिल्यांदाच बसल्या.

"सही म्हंजे काय लिवायचं?" तानाबाईनं विचारलं.

"तुमी यांना ऐकलं म्हनून," जरीना म्हणाली.

"ऐकलं? अगं बये, ह्यास्नीच तर ऐकलं! भाईर बसल्याली मान्सं आपआपलं गानं ऐकायची. पेटी आमी ऐकायचो, आत. मदी कुडाची भित्त, तिला कान लावायची बी गरज न्हवती." तिनं नबीलालकडं वळून डोळे बारीक केले. "त्यो गुरवारचा, रडका, ठावं हाय? तुमी थांबायचा बगा त्याच्यासाठी. तवा मी तव्यावरची भाकरी उलटायची थांबायची. दर गुरवारी एक भाकरी करपायची. बाळासो म्हनायचा, तानाबाय, काय चाललंय? आता त्याला काय सांगू!"

नबीलाल हसायला गेला आणि त्याला हसू पुरलं नाही. बावीस वर्षं त्याला वाटत होतं, ती थांबायची जागा तिघांचीच होती.

जरीनानं हळूच विचारलं, "कसं वाजवायचे?"

तानाबाईनं विचार केला. "पीठ नीट भिजलं की हात सोडत न्हाय बग, आनि हाताला चिकटत बी न्हाय. तसं."

त्या दिवशी दुपारी, बागवान गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत, नबीलालनं दोन बायकांसाठी पेटी उघडली. जरीनानं भिंतीला टेकून ऐकलं. संपल्यावर दखनीत काहीतरी म्हणाली. काय ते नबीलाल सांगत नाही, पण सांगत नाही तेव्हा लाजतो.

तानाबाईनं सही केली. नाव, पत्ता, आणि पुढं टेबल नंबर लिहायची जागा रुबीनानं आखून ठेवली होती, तिथं म्हातारी अडली. "मला कुठला टेबल? मी आत हुते." मग सांगून लिहून घेतलं: स्वयंपाकघर.

सात नंबरचं पाकीट नबीलालनं फाडलं नाही आणि वापरलंही नाही. वर ‘सात नंबरची अमानत’ असं लिहून टपरीत, पितळी सुरांच्या डब्यात ठेवलंय. गाडी त्यानंतर दोनदा टपरीवरून हळू झाली आणि पुढं गेली. नबीलालनं दोन्ही वेळा मान वर केली नाही. हाक मारणं त्याच्या नियमात बसत नाही. आमच्या बसतं, म्हणून हा कागद काळा केलाय.

एक सही झाली आहे. दोन पाहिजेत. ‘निशिगंध’ला बारा टेबलं होती, ती बावीस वर्षं रोज भरत होती. हिशेब तुमचा तुम्हीच करा आणि लाज वाटली तर तीही तुमची तुम्हीच ठेवा. तुम्ही कुठं बसत होता हे त्या माणसानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं. अजूनही सांगणार नाही. तुम्ही घरात, देवळात, सभेत, स्वतःच्या लेकीच्या हळदीतही गायला नाहीत, ते तुम्ही त्याच्यासमोर गायलात. सूर चुकला तिथं त्यानं पेटी मोठी केली आणि तुमची चूक झाकली. तुम्हाला रडू आलं तिथं तो थांबला. आता तो एका जागी थांबलाय, तुम्ही पुढची ओळ उचलावी म्हणून.

गंगावेशीत या. सायकलच्या दुकानाला लागून टपरी आहे, पेट्या दिसतील. कागद आतल्या खिळ्याला अडकवलाय, पेन सुतळीनं बांधलंय. नबीलाल वर बघणार नाही, नाव विचारणार नाही, तेव्हा भिऊ नका. आत जा, तो बाहेर येईल. टेबल नंबर आठवत असेल तर लिहा, नसेल तर एक ओळ गुणगुणा, तो सांगेल. आणि खाली, खरं नाव घालून, सही करा.